दुपारी दोनचे ऊन पाहणारे केशवराव

श्री. केशवराव भोईटे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते चिंचवड स्टेशनाजवळच्या एका कौलारू घराच्या अंगणात उभे राहून हातातले काहीतरी गरागरा फिरवीत होते. कुंपणाबाहेर कमरेवर हंडे घेतलेल्या तीन बायका थबकल्या होत्या. त्यांतली एक दुसरीला हलक्या आवाजात सांगत होती, "रोज सकाळच्याला करत्यात. कसला तरी उतारा असंल." मी नोकरीसाठी आले होते आणि हातात माझ्या नकाशांची गुंडाळी होती. क्षणभर मला वाटले, आल्या पावली परत जावे.

फिरवणे थांबवून त्यांनी हातातली वस्तू डोळ्यांपाशी नेली, वहीत काहीतरी टिपले आणि मग माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "या, बाई. आज हवेत पाणी फार आहे. तुमची शाई वाळायला वेळ लागेल." ती वस्तू म्हणजे लाकडी दांड्याला बसवलेले दोन थर्मामीटर होते, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो, हे मला पुढे त्यांनीच शिकवले. त्या बायकांनाही त्यांनी ते पुष्कळदा समजावून सांगितले होते. त्या मान डोलवीत, आणि उताऱ्यावरचा त्यांचा विश्वास कायम राही.

केशवरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठ्या इंजिनियरांचे लेख असतील. यंत्रांविषयी ते लिहितीलच. मी त्यांच्या कचेरीतली नकाशे काढणारी बाई. गेली सहा वर्षे त्यांच्या टेबलापासून चार हातांवर बसून मी त्यांना पाहिले आहे, तेवढेच मी लिहू शकते. लेखात त्यांची स्तुती कमी आणि माझ्या चुकीची कथा जास्त झाली तर संपादकांनी क्षमा करावी. त्या चुकीवाचून केशवराव सांगताच येत नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी माझे प्रमाणपत्र पाहिले नाही. माझ्या नकाशांवरून एकदा बोट फिरवले आणि विचारले, "तुमच्या स्वयंपाकघरात दुपारचं ऊन येतं का?" मी गोंधळले. ज्या घरात जन्मले, वाढले, त्या घराबद्दल मी म्हणाले, "बहुधा येत नसावं." ते हसले नाहीत. "बहुधा?" एवढेच म्हणाले, आणि मग, "रेघ चांगली आहे. बघायची सवय लागेल. सोमवारी या." त्या काळी चिंचवडात बाईमाणसाला नकाशांच्या कामावर घेणारा दुसरा कुणी असता असे मला वाटत नाही. नातेवाइकांना तर मी कुठे जाते हे सांगताना आई "शाळेत शिकवते" म्हणत असे.

केशवराव मूळचे माण तालुक्यातले. कोवळ्या वयात मुंबईला बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला लागले. इंग्रजी अक्षरे ते यंत्रांवरच्या पितळी पाट्या वाचून शिकले, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीत आजही क्रियापदे कमी आणि आकडे फार. अमोनियाच्या यंत्राचा आवाज ऐकून आत काय बिघडले आहे हे ते सांगत. त्या जोरावर फिटर, मग फोरमन, मग एका मोठ्या कंपनीत थंड खोल्यांची आखणी करणारे साहेब, असे ते चढत गेले. तिथले सगळे सोडून पन्नाशी ओलांडल्यावर ते इकडे आले, कारण पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहणार हे त्यांनी हेरले होते. कारखाने आले की कचेऱ्या येतील, वखारी येतील, आणि त्यांना थंडावा लागेल, हा त्यांचा हिशेब. कचेरीत आम्ही पाच माणसे होतो. पहिली दोन वर्षे आम्हाला मिळालेली कामे म्हणजे चाकणला बटाट्यांची एक थंड वखार आणि एका डॉक्टरांची लस ठेवण्याची खोली. बाकी वेळ आम्ही केशवरावांकडून हवेचे शिक्षण घेत असू.

त्यांची कामाची एक रीत होती आणि ती त्यांनी सहसा मोडली नाही. इमारतीची यंत्रणा आखायची तर आधी त्या जागेवर उगवतीपासून मावळतीपर्यंत बसायचे. बरोबर घडीचे स्टूल, ते दोन थर्मामीटर, खडू आणि भाकरी. दर तासाला ऊन कुठवर आले तिथे जमिनीवर खडूची खूण करायची. कोण कुठे बसणार, खिडकी कोण उघडणार, जेवायचा डबा कोण कुठे ठेवणार, हे तिथल्या माणसांना विचारायचे. दुपारी दोनला तर कितीही काहिली असली तरी ते उभे राहत. "सकाळी सगळ्याच इमारती शहाण्या असतात," ते म्हणत. "दोन वाजता बघायचं."

तर माणिकशेठची इमारत. माणिकशेठ हे चिंचवडातले औषधांचे मोठे व्यापारी. पिंपरीला मुंबई रस्त्यालगत त्यांनी दुमजली इमारत बांधायला काढली. मधोमध जिना आणि दोन्ही अंगांना अगदी सारख्या मापाचे दोन भाग, जुळ्या भावांसारखे. एका भागात औषधांचे कोठार, दुसऱ्यात कचेरी. लशी आणि इंजेक्शने उन्हाळ्यात थंड राहायला हवीत आणि तेलातली काही औषधे मावळच्या थंडीत घट्ट होतात म्हणून हिवाळ्यात एक खोली उबदार हवी. थंड आणि गरम दोन्ही करणारी यंत्रणा हवी होती, जिला आता वातानुकूलन असे भारदस्त नाव मिळाले आहे. कोणता भाग कोठाराला द्यायचा हेही माणिकशेठनी आमच्यावर सोपवले. "थंडीगर्मी तुमची, औषधं माझी," असे त्यांचे म्हणणे.

केशवरावांनी त्यात एक भर घातली. कचेरीतल्या कारकुनांच्या खोलीलाही पौष-माघात सकाळी दोन तास ऊब द्यावी असे त्यांनी सुचवले. गरम पाण्याच्या नळ्या कोठाराकडे जाणारच होत्या, दोन नळ्या तिकडे वळवल्या की झाले. ही गोष्ट गावात पसरली आणि लोकांना महिनाभर पुरली. पिंपरीत शेगडी! स्टेशनवरच्या चहावाल्याने मला विचारले, "बाई, मग आता कारकुनांना दुलई पन देनार का?" केशवरावांना हे कळल्यावर ते शांतपणे म्हणाले, "त्याला म्हणावं, माघात सकाळी सातला तुझ्या हातात कपबशी किती वाजते ते ऐक. तसाच माझ्या कारकुनाचा टाक थरथरतो." एवढे बोलून त्यांनी त्या नळ्या नकाशात कायम केल्या.

हे काम आमच्यासाठी साधे नव्हते. चाकणच्या वखारीनंतर कचेरीत नवे काम आलेच नव्हते. केशवरावांनी ते कधी बोलून दाखवले नाही, पण त्यांच्या पत्नी राधाबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "हे काम हातचं गेलं तर आम्हाला मुंबईला परत जावं लागेल. पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली." त्यांनी मुंबईची खोली अजून सोडलेली नव्हती. माझ्यापुरते सांगायचे तर कचेरी बंद झाल्यावर माझी रेघ कितीही चांगली असली तरी ती कुणाच्या कामाची नव्हती.

आणि नेमक्या त्याच वेळी केशवरावांना विषमज्वराने गाठले. इमारतीचा पाया खणून झाला होता. गवंडी जोते बांधून तयार होते आणि यंत्राचा चौथरा कुठे घालायचा म्हणून रोज निरोप येत होता. केशवराव अंथरुणावर, अंगात ताप. जागेवर जाऊन बसणे तर दूरच, उठून बसणेही कठीण. तेव्हा नकाशावरूनच काय ते ठरवायचे असे झाले, आणि तो नकाशा मी काढला.

माझ्याकडे आर्किटेक्टचे दोन कागद होते. एकावर इमारत, दुसऱ्यावर भोवतालची जागा. दिशा दाखवणारा बाण फक्त दुसऱ्या कागदावर होता. नकाशे काढणाऱ्यांना ठाऊक असते की गुंडाळून आलेला कागद फळ्यावर निजत नाही, त्याचे टोक सारखे उसळते. तेव्हा गुंडाळीचे टोक आपल्यापासून लांब ठेवून वर पट्टी दाबायची, म्हणजे कागद सपाट बसतो. हाताला लागलेल्या सवयीने मी तो जागेचा कागद तसा उलटा फिरवून लावला. त्यावरची अक्षरे डोके खाली पाय वर अशी झाली, पण मला अक्षरे नकोच होती, तेवढा बाण हवा होता. मी तो जसा दिसला तसा माझ्या नकाशावर उतरवला. सुबक काढला, त्याच्या शेपटीला रेघा घातल्या. पूर्वेची पश्चिम झाली आणि मला पत्ता नाही.

केशवरावांनी अंथरुणात पडल्या पडल्या नकाशा पाहिला. राधाबाई फळा धरून उभ्या होत्या. उजव्या भागाला दुपारचे ऊन लागत नाही असे बाणावरून दिसत होते, म्हणून कोठार उजवीकडे, यंत्राचा चौथरा त्याच्या बाजूला, आणि यंत्राची ताकदही त्या हिशेबाने. खाली "काढले" या शब्दापुढे माझी सही होती. "तपासले" या शब्दापुढे त्यांनी कापऱ्या हाताने आपली केली.

ताप उतरला, आणि अंगात थोडे त्राण येताच केशवराव म्हणाले की उद्या जागेवर जाऊन बसायचे. एकट्याने लिहिणे झेपणार नव्हते, म्हणून मला बरोबर घेतले. तोवर मी एकदाही बांधकामावर गेले नव्हते. नकाशेवाल्या बाईने तिथे काय करायचे, असा माझाही समज होता. चैत्राचे दिवस होते. तळमजल्याच्या भिंती उभ्या राहून वर छतही पडले होते आणि उजवीकडचा चौथरा ओतून झाला होता. मी स्टुलाशेजारी विटांवर बसून दर तासाला आकडे लिहीत होते आणि खरे सांगते, मजेत होते.

दुपारच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले. बांधकामावरच्या बायकांनी आपल्या तान्ह्यांच्या झोळ्या डाव्या भागात बांधल्या होत्या. चार झोळ्या, चारही डावीकडे. काळेवाडीहून येणारी गंगूबाई झोळीला झोका देत बसली होती. मी सहज म्हणाले, "गंगूबाई, तिकडं उजवीकडं बांधा की. तिकडं सावली असते."

गंगूबाईने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "कुनी सांगितलं तुमास्नी? सकाळच्याला ठीक हाय. दुपार कलली की तिकडं नुसता जाळ. पोरं करपून जात्याल. आमी दोन म्हैनं हितं काम करतोय, बाई."

मी वळून पाहिले. उजव्या भागाच्या खिडकीतून ऊन आत आले होते आणि माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर पुढे सरकत होते. त्याच क्षणी मला फळ्यावरचा तो उलटा कागद दिसला, त्यावरची पट्टी दिसली, आणि माझा सुबक बाण दिसला.

केशवराव पाठमोरे बसून थर्मामीटर पुसत होते. त्यांना अजून कळले नव्हते, निदान मला तसे वाटले. मी जाऊन जागेवर बसले, आणि पुढचा एक आकडा मी गप्प राहून लिहिला. त्या आकड्याची मला आजही लाज वाटते. मग मात्र मला राहवले नाही. मी वही मिटली आणि म्हणाले, "साहेब, बाण उलटा आहे. मी उलटा काढला." आणि कागद कसा फिरवून लावला होता ते सगळे सांगितले.

ते उठले, उजव्या भागात गेले, उन्हात उभे राहिले. दोन वाजले होते. परत येऊन त्यांनी पिशवीतून नकाशा काढला, गुडघ्यावर पसरला आणि खालच्या दोन सह्यांकडे बराच वेळ पाहिले.

"दोन चुका आहेत," ते म्हणाले. "काढली ती तुमची. न बघता तपासले म्हणून लिहिलं ती माझी. उद्या माणिकशेठकडे जायचं. तुमची तुम्ही सांगा, माझी मी सांगतो. एकमेकांची कुणी सांगायची नाही."

मला वाटले होते, ते रागावतील. किंवा मोठेपणाने सगळे आपल्या अंगावर घेतील आणि मी आयुष्यभर त्यांच्या उपकाराखाली राहीन. त्यांनी दोन्ही केले नाही. माझी चूक त्यांनी माझ्यापाशी राहू दिली. कामकरी माणूस म्हणून माझा याहून मोठा मान कुणी केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही माणिकशेठच्या चिंचवडच्या दुकानात गेलो. लांबट दुकान, मागच्या अंगाला त्यांची गादी. आधी मी बोलले. माझ्यानंतर केशवराव बोलले, तेही थोडक्यात. कोठार डाव्या भागात न्यायचे, कचेरी उजवीकडे आणायची, चौथरा फोडून दुसरा आम्ही आमच्या पदरच्या पैशाने घालू, आणि उजवीकडच्या कारकुनांना ऊन लागू नये म्हणून खिडक्यांवर खोल छज्जे काढायचे.

माणिकशेठनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि मला हे सांगितलंच नसतं तर? थोडं मोठं यंत्र बसवलं असतं, झालं असतं की. मला कुठून कळणार होतं?"

"तुम्हाला कळलं नसतं," केशवराव म्हणाले. "आम्हाला रोज दुपारी दोन वाजता कळलं असतं."

माणिकशेठनी अडकित्ता खाली ठेवला. "बरं. झालं ते झालं. काम तुमचंच. पण नवा नकाशा दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. बाईंचा मला आता भरवसा नाही. वाईट वाटून घेऊ नका, बाई."

मला वाईट वाटले, पण ते चुकीचे बोलत होते असे मला वाटले नाही. मी खाली मान घालून बसले. केशवरावांनी मात्र गुडघ्यावर हात ठेवले आणि ज्या आवाजात ते आकडे सांगतात त्याच आवाजात म्हणाले, "शेठजी, नकाशा ह्याच काढतील आणि मीच तपासीन. भरवसा नसेल तर तो माझ्यावरही नसावा, कारण सही माझीही आहे. तसं असेल तर दुसरी कचेरी बघा. मी पुण्यातली दोन चांगली माणसं सुचवतो."

राधाबाईंची मुंबईची खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. केशवराव ते काम, ती कचेरी, पन्नाशीनंतर मांडलेला तो सगळा डाव, माझ्या एका रेघेपुढे ठेवून बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. मला ओरडून सांगावेसे वाटले की नको, काढू दे दुसऱ्या कुणाला.

माणिकशेठ माझ्याकडे वळले. "बाई, एवढे साहेब तुमच्यासाठी बोलताहेत, तर एक सांगा. माझ्या या दुकानात दुपारचं ऊन कुठून येतं?"

त्या वेळी आकाश झाकोळलेले होते, दुकानात उन्हाची तिरीप नव्हती. मी आजूबाजूला पाहिले. "बहुधा" म्हणायची माझी हिंमत नव्हती. मग फरशीकडे लक्ष गेले. "तुमच्या उजव्या हाताच्या वरच्या झरोक्यातून येतं," मी म्हणाले. "गादीवर येतं. म्हणून तुम्ही दुपारी गादी त्या खांबाकडे सरकवता. इथल्या सतरंजीचा हा पट्टा विटला आहे आणि खांबाला तुमच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे."

माणिकशेठनी वळून खांबाकडे पाहिले. मागे उभा असलेला त्यांचा मुनीम आधी हसला आणि मग शेठजी इतके हसले की त्यांना उचकी लागली. "वीस वर्षं ह्या गादीवर बसतोय," ते म्हणाले. "डाग आज दिसला मला. घ्या, बाई, काढा नकाशा. आणि साहेब, त्या पुण्यातल्या माणसांची नावं तुमच्यापाशीच ठेवा."

बाहेर आल्यावर केशवराव एवढेच म्हणाले, "सतरंजी माझ्या लक्षात आली नव्हती." रस्त्याच्या कडेला रसाचे गुऱ्हाळ होते. तिथे आम्ही उसाचा रस घेतला आणि त्यांनी पथ्य मोडून दुसरा पेला मागवला.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे. घडीचे दुसरे स्टूल आणले गेले, ते माझे. मी रोज जागेवर जाऊ लागले. गवंडी आधी बिचकले. मग कुणी म्हणे, "बाई, ह्या भिताडाला भोक कुठं ठिवू?" आणि मी नकाशा न उघडता सांगू लागले. गंगूबाईला केशवरावांनी स्वतः जाऊन सांगितले की पुढच्या प्रत्येक कामात झोळ्या कुठे बांधल्या ते आम्ही आधी बघणार. ती म्हणाली, "बघा की. त्याला कशाला इचारायचं?" आजही आमच्या कचेरीत नव्या माणसाला जागेवर पाठवताना सूचनांच्या यादीत झोळ्यांचे ते एक वाक्य असते, आणि नव्या माणसाला ते आधी विनोद वाटते.

यंत्रणा सुरू झाली ती पुढच्या वैशाखात. माणिकशेठनी पूजा सकाळी ठेवली होती, पण केशवरावांनी हट्टाने पाहुण्यांना दुपारी दोनला बोलावले. त्यांत गवंडी, सुतार, पाथरवट आणि गंगूबाईही होत्या. बाहेर रस्त्यावरचे डांबर मऊ झाले होते. कोठाराचे जाड, बुचाच्या लाद्यांचे दार उघडले आणि सगळे आत शिरले. मग गंगूबाईने पदर अंगाभोवती घट्ट ओढला आणि म्हणाली, "अगं बया, हितं तर माघ लागलाय." तिला बाहेर काढायला बरीच विनवणी करावी लागली. केशवराव दाराशी उभे राहून थर्मामीटर बघत होते, पण मधूनमधून माणसांचे चेहरे बघत होते, आणि मला वाटते खरे माप ते तिथेच घेत होते. पहिल्या माघात स्टेशनवरचा तो चहावाला सकाळी कारकुनांना चहा द्यायला स्वतः येऊ लागला आणि कपबशा गोळा करायला जरा जास्तच वेळ लावू लागला, हेही इथे नोंदवते.

केशवरावांच्या मायेच्या गोष्टी सांगायला बसले तर हा ग्रंथ पुरणार नाही. आई आजारी असताना त्यांनी माझ्या घरी येऊन तिच्या खाटेची जागा बदलून दिली, आणि ती दुपारची झोपू लागली. तेव्हापासून आई मी कुठे काम करते ते सांगू लागली. आमच्याकडच्या तरुण इंजिनियरला मोठ्या पगाराचे बोलावणे आले तेव्हा त्यांनीच त्याला शिफारसपत्र दिले आणि वर आपला एक थर्मामीटर दिला. त्यांना रागही येतो. कुणी खिडकी न बघता तिच्यासमोर यंत्र बसवले की ते अर्धा दिवस कुणाशी बोलत नाहीत. पानात मीठ कमी असेल तर राधाबाईंना ते सांगत नाहीत, पण हवेतला दमटपणा दोन टक्क्यांनी चुकीचा सांगितला तर त्यांनाही सोडत नाहीत.

आता आमच्या कचेरीत अकरा माणसे आहेत. तळवड्यापासून पुण्यापर्यंत कामे चालतात. गेल्या महिन्यात केशवरावांनी पुष्कळ दिवसांनी स्वतः एक नकाशा काढला, एका चित्रगृहाचा. काढून झाल्यावर तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तपासा." मी उठून उभी राहिले. साठ वर्षांच्या, माझ्या गुरूच्या नकाशात मी काय तपासणार, असे काहीतरी म्हणाले. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, मी एकदा न बघता सही केली होती. तुम्ही तसं करू नका."

म्हणून मी स्टूल घेऊन गेले आणि त्या जागेवर उगवतीपासून मावळतीपर्यंत बसले. मला एक चूक सापडली. त्यांनी थंड हवेचा झोत जिथे सोडला होता तिथे बायकांच्या बाकांची रांग येणार होती, आणि मांडीवर तान्ही मुले घेऊन बसणाऱ्यांच्या अंगावर तो सरळ आला असता. मी भीत भीत सांगितले. केशवरावांनी दोन दिवस माझ्याशी वाद घातला, पाच आकडे दाखवले, तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बाकांच्या जागी बसून आले आणि तो झोत खोडून टाकला. मग पूर्ण कचेरीला पेढे आणले. कारण विचारल्यावर म्हणाले, "माझी चूक सापडली."

त्या नकाशावर "काढले" या शब्दापुढे केशवराव भोईटे आहेत आणि "तपासले" या शब्दापुढे माझी सही आहे. ती मी बघून केली आहे. केशवरावांना निरोगी, भरपूर, शंभर वर्षांचे आयुष्य लाभो, राधाबाईंच्या हातची भाकरी आणि उभे राहण्याचे बळ त्यांना तितकेच दिवस मिळो, आणि त्यांनी नवे नवे नकाशे काढीत राहावे, एवढेच मागणे आहे. चुकले तर सांगायला मी आहे.